ऑनलाइन शिक्षणाचं तंत्रज्ञान एकदम बदललं, तर मुख्याध्यापकांनी सुरुवात कुठून करावी?

घरोघरच्या फोनपासून. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यासाचे धडे आणि व्हिडिओ देणारं सरकारी दीक्षा ॲप होतं, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोडही होते. पण घरातला एकुलता एक स्मार्टफोन वडिलांबरोबर कामावर गेला, की मुलाचा तास बुडायचा. म्हणून आधी वर्गवार यादी करा: फोन कोणाकडे, किती वाजता, रिचार्ज परवडतो का. मग वेळापत्रक ठरवा. लाइव्ह तास संध्याकाळी, बाकीचं व्हॉट्सॲपवर छोट्या ध्वनिफितीत. फोनच नसेल तिथे छापील स्वाध्याय पोचवा. त्या वर्षी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ हा शालेय अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, त्याचा मोठा आधार झाला. आणि शिक्षकांना सरावाला वेळ द्या, विशेषतः निवृत्तीला आलेल्यांना. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण चारचौघांत विचारायला ते संकोचतात.