उन्हाळ्यात लॉनवर पडणारे डाग : रोग कसा ओळखावा?

प्रश्न : लॉनवर गोल, पिवळट-तपकिरी डाग पडले आहेत. उन्हाने होत असेल म्हणून संध्याकाळचे पाणी वाढवले, तरी डाग पसरतच आहेत. कोणते औषध फवारावे?

उत्तर : औषधाचे नंतर पाहू. आधी संध्याकाळचे पाणी थांबवा आणि पहाटे द्या. पाती रात्रभर ओली राहिली की बुरशीचे चांगलेच फावते.

डाग दुपारी पाहून काही कळत नाही. सकाळी दव असताना खाली बसा आणि डागाच्या कडेची, अर्धी हिरवी पाती तोडून पाहा. मधली वाळलेली पाती निरुपयोगी. पात्यावर आडवा फिकट पट्टा, त्याला लालसर-तपकिरी कड आणि डाग जेमतेम ५ सेंटीमीटरचे असतील, तर तो डॉलर स्पॉट. दवात त्यावर बारीक पांढरे धागेही दिसतात. ते कोळ्याचे जाळे समजू नका. दव सुकले की हे धागे दिसेनासे होतात. नत्र कमी पडलेल्या लॉनवर हा रोग जास्त येतो, त्यामुळे नत्राचा हलका हप्ता दिला तरी बरेचदा आटोक्यात येतो.

ब्राउन पॅचचे नेमके उलटे. डाग मोठे, कधी मीटरभर रुंद. सकाळी कडेने धुरकट काळपट वलय दिसते. रात्रीचे तापमान २० अंशांच्या वर, हवा दमट आणि त्यात युरिया सढळ हाताने टाकलेला, की हा आलाच. म्हणून रोग ओळखल्याशिवाय खताला हात लावू नका.

घाई करायची ती फक्त पिथियम या तिसऱ्या रोगात. पाती काळपट, तेलकट, हाताला बुळबुळीत लागतात आणि डाग पाणी वाहते त्या दिशेने लांबट होतात. एक-दोन रात्रींत मोठा पट्टा बसतो. ओल्या लॉनवर कापणीचे मशीन फिरवू नका, रोग चाकांबरोबर पसरतो. इथे प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक उपयोगाचे नाही, मेटालॅक्सिल हे दुसरे बुरशीनाशक लागते. मात्रा लेबलप्रमाणेच घ्या.

चपलेला नारिंगी पूड लागली तर तांबेरा. तो फारसा घातक नाही.

प्रत्येक डाग रोगाचाच असतो असेही नाही. गवत निळसर-करडे दिसते आणि पाऊल पडले की दबलेलेच राहते, तर पाणी कमी पडते आहे. ओढताच गवताचा थर सुटून येत असेल तर खाली हुमणी (मुळे खाणारी अळी) शोधा. सगळीकडे टोके फाटून पांढरट झाली असतील तर मशीनचे पाते बोथट झाले आहे. धार लावून घ्या.

फवारणी करावीच लागली तर डागाभोवतीच्या हिरव्या पट्ट्यावरही घ्या. वाळलेले पाते औषधाने हिरवे होत नाही, तिथे नवी फूट यावी लागते.