ल्योंला येतेस? मग एक बॅग अर्धी रिकामी आण

तुझा प्रश्न आधी चार ओळींत सांगते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तू पुण्याची. सप्टेंबरात दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी फ्रान्समधल्या ल्योंला येणार. २३ किलोच्या दोन बॅगा. व्हिडिओ बघून तू ‘फ्रेंच मिनिमलिस्ट वॉर्डरोब’ची, म्हणजे मोजक्याच कपड्यांच्या कपाटाची, दहा वस्तूंची यादी केलीस: बेज ट्रेंच कोट, पट्ट्यांचा टीशर्ट, पांढरा शर्ट, काळा ड्रेस, ब्लेझर, जीन्स, बॅले फ्लॅट्स वगैरे. हे सगळं निघण्याआधी लक्ष्मी रोड आणि मॉल पालथे घालून घेऊन टाकू का, असं विचारतेस. आईची यादी वेगळीच आहे: थर्मलचे चार जोड, हाताने विणलेले दोन स्वेटर, आठ कुर्ते आणि एक पैठणी.

मी इथे अकरा वर्षं आहे. दोन्ही याद्यांतलं निम्मं काढून टाक, आणि जे उरेल त्यात आईचं जास्त असू दे.

तुझ्या यादीचा समाचार आधी घेते, राग मानू नकोस. ट्रेंच कोट मूळचा इंग्रजांचा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी खंदकांत घालायचे, म्हणून तर ते नाव. फ्रेंच स्टाइल म्हटलं की जिचा फोटो हमखास दाखवतात, ती गायिका-अभिनेत्री जेन बर्किन जन्माने लंडनची. डेनिम हे नाव दक्षिणेतल्या नीम शहरावरून आलं असं मानतात, पण जीन्स अमेरिकेची. अस्सल फ्रेंच म्हणावी अशी वस्तू पट्ट्यांचा टीशर्ट, आणि त्याच्यामागे फॅशन नसून चक्क सरकारी हुकूम आहे. २७ मार्च १८५८ ला नौदलाने खलाशांच्या गणवेशात तो घातला, तोही मापासकट: पांढरे पट्टे २१, प्रत्येकी २० मिलिमीटर, आणि मधले निळे पट्टे १० मिलिमीटरचे. नेपोलियनच्या २१ विजयांचे म्हणून २१ पट्टे, असं कुणी सांगितलं तर ती लोणकढी थाप समज. तो टीशर्ट खलाशांचा होता, अधिकाऱ्यांचा नव्हे. ब्लेझर-पँटचं म्हणशील, तर बायकांनी पँट घालायला पोलिसांची परवानगी लागेल असा पॅरिसमधला १८०० सालचा हुकूम रद्दबातल असल्याचं सरकारने अधिकृतपणे सांगितलं ते २०१३ मध्ये. अर्थात त्याआधी कितीतरी दशकं तो कुणी पाळत नव्हतं.

आणि सकाळी साडेआठला ल्योंच्या मेट्रोत उभी राहा. निम्म्या लोकांच्या अंगावर काळं फुगीर जॅकेट, ज्याला इथे दूदून म्हणतात, खाली जीन्स, पायात स्नीकर. व्हिडिओतली ती बाई, काखेत बगेत नावाचा लांबुळका पाव घेतलेली, मला अकरा वर्षांत भेटलेली नाही.

तरी त्या सगळ्यात एक गोष्ट खरी आहे. मला ती कळायला तीन वर्षं लागली.

पहिली तीन वर्षं मी ल्योंमधल्या क्रुआ-रूसच्या चढावर एका म्हाताऱ्या बाईंकडे भाड्याने राहत होते. हा भाग एकेकाळी रेशीम विणणाऱ्यांचा. जकार्डचा उंच माग उभा राहावा म्हणून या जुन्या घरांची छतं चार-चार मीटर उंच आहेत. पण उंची सोडली तर खोली म्हणजे खुराडं. फ्रान्समध्ये भाड्याने द्यायच्या घराची मुख्य खोली किमान ९ चौरस मीटर लागते, म्हणजे आपल्या हिशेबात सत्त्याण्णव चौरस फूट. आणि विद्यार्थ्यांना बहुतेकदा तेवढीच मिळते. पलंग, टेबल, शेगडी आणि एका दाराचं कपाट. मिनिमलिझमची निम्मी कहाणी तिथेच संपते बघ. जागाच नाही.

उरलेली निम्मी त्या बाईंच्या कपाटात दिसली. घराला रंग द्यायचा होता, म्हणून त्यांनी मला कपाट रिकामं करायला हाताशी घेतलं. मी हँगर मोजले, सवय वाईट: एकतीस. त्यात एक गडद निळा लोकरी कोट. १९८९ मध्ये घेतलेला, आतलं अस्तर दोनदा बदललेलं, बटणं वेगळ्याच कुठल्या कोटाची. कोपराजवळ रफू होतं. बोट फिरवलं तरच कळायचं. हाच कोट घालून त्या मंगळवारी बाजारात लीक आणि बटाटे आणायला जायच्या, हाच घालून ऑपेराला, आणि काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायलाही हाच. “दुसरा आहे का?” असं विचारलं तर म्हणाल्या, “कशाला? मला अंग एकच आहे.”

मग त्यांनी माझ्या बॅगेतली इरकल पाहिली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली. ही कधी नेसतेस? मी म्हटलं, ठेवणीतली आहे. आता ‘ठेवणीतली’चं फ्रेंच कर! बराच वेळ हातवारे केल्यावर त्यांना उमगलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही होते की असे, ‘रविवारचे कपडे’, चर्चला जायचे. त्यावरूनच एक शब्द आहे, आंदिमांशे, म्हणजे रविवारचा पोशाख चढवलेला. पण आज तो शब्द टिंगलीचा आहे. नव्याकोऱ्या कपड्यांत अवघडून उभा राहिलेला माणूस म्हणजे आंदिमांशे. कपडा चांगला असावा, पण तो अंगाला सरावलेला दिसावा, ही इथली अपेक्षा.

तेव्हा मला सांगलीच्या घरातलं कपाट आठवलं. बाबा शिक्षक होते, त्यामुळे सत्कारात मिळालेल्या शाली, बावीस की तेवीस, सगळ्या पॅकबंद. आईच्या सहा साड्यांची अजून घडी मोडलेली नाही. आणि घरात अंगावर काय, तर विटलेला गाऊन. आपल्याकडे चांगलं ते आत आणि जुनं ते अंगावर. इथे जे चांगलं आहे तेच रोज अंगावर आणि कपाटात जवळपास काहीच शिल्लक नाही. वस्तू कमी असण्यापेक्षा मला हा फरक मोठा वाटतो. तो दहा वस्तूंची यादी करून विकत घेता येत नाही, म्हणून एवढं पाल्हाळ लावलं.

आता कामाचं.

कोट पुण्यात घेऊ नकोस. मी घेतला होता. उंटाच्या रंगाचा, ‘वुल ब्लेंड’ लिहिलेला, आणि तेव्हाच्या माझ्या पगाराच्या मानाने भयंकर महाग. आतली चिठ्ठी नीट वाचली असती तर पॉलिएस्टर किती ते कळलं असतं. पहिल्या नोव्हेंबरच्या भुरभुर पावसात त्याच्यावर लोकरीचे गोळे आले, आणि वारा तर त्यातून असा जायचा की मच्छरदाणी पांघरल्यासारखं वाटे. इथे घेशील तेव्हा चिठ्ठीवर ‘लेन’, म्हणजे लोकर, किमान सत्तर टक्के बघ. सोबत थोडं पॉलिअमाइड असलं तर बिघडत नाही, त्याने कापड टिकतं. खांद्याला बसतो का ते स्वेटर घालून बघ. बाही, लांबी नंतर कमी करता येते. खांदा चुकला की कोट गेला.

नवा कोट सेलमध्येच घे. सेलला इथे सोल्द म्हणतात आणि तो दुकानदाराच्या मर्जीवर नसतो, कायद्याने वर्षातून दोनदा, चार-चार आठवडे असतो. हिवाळ्यातला सहसा जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतो, उन्हाळ्यातला जूनच्या शेवटच्या बुधवारी; काही वर्षी आठवडाभर आधी. काही मोजके भाग सोडले तर देशभर तारीख तीच. पण अडचण अशी की थंडी नोव्हेंबरातच येते. म्हणून पहिला कोट जुना घे. एमाउस या धर्मादाय संस्थेची दुकानं आहेत, क्रुआ-रूसच्या उतारावर फ्रिपरी म्हणजे जुन्या कपड्यांची दुकानं आहेत, व्हिंटेड अॅप तर सगळेच वापरतात. शिवाय रविवारी गल्लोगल्ली व्हीद-ग्रेनिये भरतात. शब्दशः अर्थ ‘माळा रिकामा करणे’, आणि खरोखर लोक माळ्यावरचंच सामान मांडून बसतात. माझा निळा ‘ब्लो द त्राव्हाय’, म्हणजे कारखान्यातल्या कामगारांचं जाड सुती जॅकेट, तिथेच बारा युरोंना मिळालं. धुऊन धुऊन आकाशी झालेलं, तीन मोठे खिसे. त्यापुढे तुझा ब्लेझर पाणी भरेल.

जुने कपडे घ्यायला मन धजत नाही, हे मला माहीत आहे. आईला तर सांगूच नकोस. सुती कपडा गरम पाण्यातून काढला, लोकरीचा कोट ड्रायक्लीनला दिला की संपलं.

मापं लक्षात ठेव: इथलं ३८ म्हणजे ब्रिटिश १०. तेच जर्मनीत ३६ आणि इटलीत ४२ होतं, त्यामुळे ऑनलाइन घेताना ब्रँड कुठला ते बघ.

थर्मल एक जोड पुरे. वर्गात, ट्राममध्ये, दुकानांत हीटिंग असतं. थर्मल घालून दोन तास लेक्चरला बसलीस तर उकडून निघशील, आणि ते मधेच काढताही येत नाही. ८ डिसेंबरच्या सुमाराला दिव्यांचा उत्सव असतो, तेव्हा रात्री चार तास रस्त्यावर हिंडायचं असतं, त्या दिवशी घाल. घरातलं हीटिंग मात्र १९ अंशांच्या पलीकडे जाऊ नये असा नियम आहे, आणि सामायिक हीटिंगच्या इमारतींत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते बहुधा सुरूही होत नाही. तेव्हा आईच्या हातचे स्वेटर लागतील. दोन्ही आण. ती पातळ लोकर वापरायला तयार असेल तर फारच छान, कोटाखाली जाड स्वेटर मावत नाही.

काळा, निळा, करडा हेच रंग का, याचं उत्तर वॉशिंग मशीनमध्ये आहे. वसतिगृहातल्या मशीनला दर धुण्याला पैसे पडतात. सगळं गडद असलं की एका फेरीत उरकतं. वाळवणं ही दुसरी कटकट. कपडे बाल्कनीत वाळत घालायला बऱ्याच सोसायट्यांत मनाई असते. खोलीतच घडीच्या स्टँडवर घालायचे. जानेवारीत जाड जीन्स दोन दिवस ओली राहते, तेव्हा चार जीन्स आणून उपयोग नाही, दोन बस्स. लोकरीचा स्वेटर हँगरला टांगू नकोस, गुडघ्यापर्यंत लोंबेल. टॉवेलवर आडवा पसर. आणि इथे कसर लागते, चांगल्या लोकरीलाच आधी. डांबराच्या गोळ्या आणू नकोस, त्या इथे विकायला बंदी आहे; सीडारच्या लाकडाचे तुकडे मिळतात.

बूट इथे घे आणि चामड्याचे घे. व्ह्यू-ल्यों या जुन्या भागात रस्ते गोट्यांचे आहेत, बॅले फ्लॅट्सच्या पातळ तळव्यांतून प्रत्येक गोटा मोजता येतो. तळ झिजले की कोर्दोनियेकडे, म्हणजे बूट दुरुस्त करणाऱ्याकडे टाक. २०२३ च्या नोव्हेंबरपासून कपडे आणि बूट दुरुस्तीला बोनस मिळतो, सुरुवातीला तो कामाप्रमाणे ६ ते २५ युरो होता, पण ज्या दुकानावर तसा बिल्ला लावलेला असेल तिथेच. तो परस्पर बिलातून वजा होतो, अर्ज-बिर्ज नाही.

तिकडून आणायचंच तर हे आण. चार पंचे, जाड टॉवेलची जागा वाचते आणि रातोरात वाळतात. सुती आतले कपडे भरपूर. आखूड कुर्ते तीन, कारण लांब कुर्ता कोटाखालून डोकावतो आणि पावसात भिजतो. सुती ओढण्या आणि स्टोल हवे तितके: इथे बायका-पुरुष सगळेच बारा महिने गळ्यात फूलार, म्हणजे स्कार्फ, गुंडाळतात, आणि तुझी गाजरी नाहीतर मोरपंखी ओढणी त्या करड्या गर्दीत उठून दिसेल. बेज रंगाचं तुझं तू ठरव. मी बेज घातला की लोक तब्येत विचारतात. जीन्सची उंची पुण्यातच कमी करून घे, इथे नुसत्या एका दुमडीला बारा-पंधरा युरो घेतात. घरात सत्काराची शाल असेलच, बिनजरीची एक उचल. कोल्हापुरी आण, पण पावसात घालू नकोस. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि घरांत एसी नसतात. तेव्हा मलमलचा कुर्ता आणि कोल्हापुरी घालून तू जेवढी सुखी असशील तेवढं अख्ख्या ल्योंत कुणी नसेल. चष्मा असेल तर दोन करून आण.

राहिली पैठणी. दोन वर्षांत ती एकदा नेसशील, दिवाळीला, आणि उरलेले दिवस तिची काळजी करशील. तिच्याऐवजी आईची एखादी वापरातली इरकल नाहीतर नारायणपेठ माग. माझी इरकल मी शेवटी एका मंगळवारी नेसले, ऑफिसला, वर बाईंचा तो निळा कोट. ट्राममध्ये कुणी वळूनही पाहिलं नाही. काठ भिजले, टाचेखाली येऊन एक ठिकाणी फाटले. घरी आल्यावर बाईंनी चष्मा लावून ते रफू केलं, आणि दोरा नेमका मिळाला नाही म्हणून हळहळल्या. तेव्हा फॉल तिकडूनच लावून आण, इथे सहज मिळत नाही. आणि साडीच्या रंगाचं एक रीळ पर्समध्ये टाक.