फणसाच्या नव्या टेबलाला जुन्या खांबांसारखा गडद रंग आणायला कोणतं पॉलिश लावावं?

जेवणाचं टेबल फणसात करून घेतलंय, ते पिवळंधमक दिसतं आणि सुतार वॉलनट स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा गडद तपकिरी रंग, मारून देतो म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. स्टेन मारू देऊ नका. फणसाचा गाभा ताजा रंधला की हळदीसारखाच दिसतो. उजेड आणि हवा लागली की तो मधासारखा, पुढे तांबूस तपकिरी होतो. तुमच्या घरातल्या खांबांना रंग असाच चढलाय. परदेशातलं चेरीचं लाकूडही असंच उजेडाने गडद होतं. आज हवी ती छटा स्टेनने आणलीत, तर खालचं लाकूड आणखी गडद होतच राहील आणि टेबल नको तितकं काळं होईल. शिवाय फणसाचे रेषे उलटसुलट असतात, त्यामुळे स्टेन एके ठिकाणी जास्त मुरतो, एके ठिकाणी कमी, आणि ठिगळं दिसतात.

आधी 120, 180, 220 नंबरचे पॉलिश पेपर याच क्रमाने मारा, रेषांच्या दिशेनेच. लोखंडी तारेचा काथ्या वापरू नका. त्याचे कण लाकडात अडकतात आणि दमट हवेत प्रत्येक कणाभोवती काळा ठिपका उमटतो. मग टेबल दोन-तीन आठवडे पडवीत उजेडाला ठेवा. भर उन्हात नको, तडे जातात. वर काही ठेवू नका. पाट ठेवलात तर त्याखालची जागा पिवळीच राहते. सालीकडचा फिकट भाग मात्र गाभ्याइतका गडद कधीच होत नाही, त्याची अपेक्षा सोडा.

त्यानंतर डबल बॉइल्ड लिन्सीड ऑइल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळून चिंधीने पहिला हात द्या. 15-20 मिनिटांनी वर राहिलेलं तेल पूर्ण पुसा. न पुसलेलं तेल चिकट राहतं आणि त्यावर बुरशी धरते. रंगाला खोली येते ती याच हाताने. आपल्याकडच्या दमट हवेत दोन हातांमध्ये तीन दिवस तरी जाऊ द्या. असे तीन हात पुरे. वापरलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवा, नाहीतर बाहेर पसरून वाळवा.

झोपाळ्याला एवढं पुरतं. जेवणाच्या टेबलाला पुरत नाही, कारण आमटीचं गरम भांडं आणि पाणी नुसत्या तेलाच्या हाताला सोसत नाही. तेल तीन आठवडे पूर्ण वाळलं की मॅट पीयूचे (पॉलियुरेथेन, म्हणजे पारदर्शक टणक थर देणारं पॉलिश) दोन पातळ हात द्या. फळीच्या खालच्या बाजूलाही द्याच. ती कोरी राहिली तर पावसाळ्यात खालून दमट हवा शोषते आणि फळी वाकते. चपड्याचं (लाखेचं) फ्रेंच पॉलिश दिसतं सुरेख, पण गरम ताटाखाली पांढरे गोल उमटतात.

हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्येच करा, तेही सकाळी दहानंतर. संध्याकाळी खारं वारं सुटलं की पॉलिशमधला थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि पॉलिश दुधट पडतं. तसं झालंच, तर वरून दुसरा हात मारू नका. पूर्ण वाळू द्या, 320 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा आणि कोरड्या दिवशी पुन्हा लावा.