शेतात रात्री दिसणारा भुताचा दिवा नेमका काय असतो?

तुम्ही विचारलंय की तापीकाठी रात्री एकच दिवा हलताना दिसतो, जवळ गेलं की गायब, हे काय? आमच्याकडे याला चकवा म्हणतात, आणि ज्याने पाहिलंय तो खोटं बोलत नसतो, दिवा खरंच दिसतो.

आता बघा, आपल्याकडे शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीच येते, मग कोणीतरी बॅटरी घेऊन केळीला पाणी द्यायला निघतो, तो केळीच्या ओळीत शिरला की उजेड दिसतो, लपतो, पुन्हा भलतीकडेच दिसतो. चाळीसगावकडून कन्नड घाटाकडे बघा, उतरणाऱ्या गाड्यांचे लाइट वळणावर असेच विझतात नि पेटतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या मार्फा गावचे भुताचे दिवे फेमस आहेत, तिथे २००४ मध्ये विद्यार्थ्यांनी तपासलं तर ते बहुतेक हायवेवरच्या गाड्यांचे लाइट निघाले. मार्च-एप्रिलमध्ये सातपुड्यावर मोहाखालचा पाला जाळतात, त्याची रांगही लांबून मशालींसारखी वाटते.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते डोळ्याचं, मिट्ट काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावून बघितलं ना तर स्थिर दिवासुद्धा सरकतोय असं वाटतं, कारण आजूबाजूला मोजायला काहीच नसतं.

दलदलीतला गॅस पेटतो असंही सांगतात, पण आपल्या कोरड्या शिवारात ते मला पटत नाही.

पुढच्या वेळी लांबूनच विजेच्या खांबाच्या कडेशी दिवा जुळवून बघा, तो खरंच सरकतोय का ते लगेच कळेल, आणि विहिरी उघड्या असतात म्हणून अंधारात त्याच्यामागे जाऊ नका.