जुन्या वाचनालयाला नवं रूप द्यायचंय, रॅक आणि कपाटं कशी घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की 12 हजार पुस्तकं आहेत, 40 बाय 20 फुटांचा एकच हॉल आहे, भिंतीला लागून कुलूपबंद लोखंडी कपाटं आहेत आणि तरुण मुलं आत येतील असं काहीतरी आकर्षक करायचंय. कोकणातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात आम्ही हेच केलं. मी तेव्हा कार्यवाह होतो. पहिल्या खेपेला चांगलेच तोंडघशी पडलो, त्यामुळे सांगण्यासारखं थोडं आहे.

कोटेशन मागवायच्या आधी कागदावर हिशोब मांडा. तीन फुटांच्या फळीवर डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराची साधारण 60 पुस्तकं बसतात. पण फळी गच्च भरली तर पुस्तक ओढताना कणा फाटतो आणि नवीन पुस्तकाला जागा उरत नाही, म्हणून 40 धरा. पाच फळ्यांचा दुहेरी, म्हणजे दोन्ही बाजूंनी पुस्तकं लागणारा रॅक म्हणजे 400 पुस्तकं. 12 हजारांना असे 30 रॅक लागतील आणि मध्ये साडेतीन फुटांची वाट ठेवली तर सगळा हॉल त्यातच संपेल. बसायचं कुठे? आम्ही आठ हजार पुस्तकं बाहेर ठेवली. बाकीची, म्हणजे जुने बांधीव अंक आणि वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं, मागच्या खोलीत हलवली. ती दाखल नोंदवहीतून कमी केली नाहीत. अनुदानासाठी ग्रंथसंख्येची अट असते, त्यामुळे पुस्तकं रद्द करायचीच असतील तर आधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांशी बोला. मागच्या खोलीत रुळांवर सरकणारी कपाटं (कॉम्पॅक्टर) चालतील, पण खोली तळमजल्यावर असेल तरच. त्यांचं वजन अफाट असतं.

आता आमची चूक. कॅटलॉग बघून पार्टिकल बोर्डाचे (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड), वरून सागवानी लॅमिनेट असलेले चार फुटी रॅक घेतले. उद्घाटनाच्या फोटोत झकास दिसले. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कडा पापडासारख्या फुगल्या आणि विश्वकोशाचे खंड ठेवलेली फळी चक्क झोपाळ्यासारखी लोंबली. विकणाऱ्याला काय बोलणार, कुठला बोर्ड आहे हे आम्ही विचारलंच नव्हतं. नंतर कॉलेजात शिकवणाऱ्या एका सभासदांनी समजावलं: फळी तीनऐवजी चार फुटांची केली आणि तितकीच दाटीने भरली, तर ती तिपटीहून जास्त वाकते. तेव्हापासून तीन फुटांच्या पुढे फळी नाही. पावडर कोटिंग केलेले पत्र्याचे रॅक, फळीला खालून दुमड, बाजूला हवं तर लाकडी पट्टी. स्थानिक फॅब्रिकेटर हे करून देतो. पत्रा किती गेजचा ते लिहून घ्या. आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, इथेच फसवणूक होते.

उंची हा माझा हट्टाचा मुद्दा. हॉलच्या मधले रॅक साडेचार फुटांच्या वर नकोत (इथे फळ्या कमी बसतील, पाच फळ्यांचे उंच रॅक भिंतीकडे). दारातून आत येणाऱ्याला पलीकडची खिडकी दिसली की तोच हॉल मोठा वाटतो. रॅक भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात. सगळ्यात खालची फळी जरा मागे कलती करून घ्या. आमच्याकडे एक आजी येत. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नसे, म्हणून खालच्या फळीवरची पुस्तकं त्यांनी कधी बघितलीच नव्हती. फळी कलती केल्यावर उभ्या उभ्याच नावं वाचायला लागल्या. ट्यूबलाइट रॅकच्या डोक्यावर नको, दोन रॅकमधल्या वाटेवर हवी.

पण खरा बदल झाला तो रॅकमुळे नाही. आमच्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर किंवा काळं रेक्झिन, आणि पाठीवर रंगाने फक्त नंबर. असली पुस्तकं कितीही सुंदर रॅकवर ठेवा, कोर्टाच्या रेकॉर्डरूमसारखीच दिसणार. दोन मुली आणि आमच्या ग्रंथपाल बाई, तिघींनी मिळून दोन महिने खाकी कागद उतरवले आणि पारदर्शक जॅकेटं घातली. मूळ मुखपृष्ठं बाहेर आली. जिथे ती उरलीच नव्हती तिथे पाठीवर नाव छापून चिकटवलं. दिवाळी अंकांना तर पाठ जवळजवळ नसतेच, ते दर्शनी बाजू पुढे करून उतरत्या फळीवर मांडा. मुलांची पुस्तकंही तशीच. जमलं तर पाचगणीजवळच्या भिलारला समितीला घेऊन जा. 2017 पासून तिथे अनेक घरांत पुस्तकं कुलपाशिवाय उघडी मांडलेली असतात.

'उघडी ठेवली तर चोरीला जातील' असं समितीत कुणीतरी म्हणणारच. आमच्याकडे पहिल्या वर्षी 11 गेली. त्याआधी कुलपात असतानाही कसर आणि वाळवीने त्याहून कितीतरी जास्त खाल्ली होती, फक्त ती कुणी मोजली नव्हती.

पैशांसाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना बघा, साठवणुकीच्या सामानालाही त्यांतून साहाय्य मिळतं. आणि सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. एक रॅक बनवून घ्या, जाडजूड खंडांनी भरा, पावसाळा काढू द्या, मग उरलेले सांगा.