भाताचा पेंढा आणि मैलापाण्याचा गाळ एकत्र टाकून बायोगॅस निघतो का? मुंबईत जमेल का?

निघतो, आणि दोन्ही वेगवेगळे टाकण्यापेक्षा बरा निघतो. गाळात नायट्रोजन जास्त, कार्बन कमी. कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर साधारण 6 ते 10. पेंढ्याचं उलट, 60च्या वर. बायोगॅस बनवणाऱ्या जिवाणूंना 20 ते 30 मानवतं. नुसता गाळ असला की अमोनिया साठून जिवाणू मंदावू शकतात. नुसता पेंढा लिग्निन (काडीला कडकपणा देणारा घटक) आणि सिलिकामुळे (वाळूतलं खनिज) लवकर कुजत नाही, वर तरंगून साय धरतो. म्हणून तो बारीक कापून, भिजवूनच टाकायचा. तापमान 35 अंशांच्या आसपास हवं, आणि मुंबईच्या हवेत ते राखायला फारसं इंधन जाळावं लागत नाही. (दमट उकाड्याचा एवढा तरी उपयोग!)

गाळ मुंबईत हवा तेवढा आहे. वरळी, भांडुप, घाटकोपरला मैलापाणी प्रक्रिया केंद्रं आहेत. अडतं ते पेंढ्यावर. पालघर-रायगडहून ट्रकभर आणला तरी त्यात निम्मी हवाच, भाडं परवडत नाही. मी असतो तर पेंढा थोडाच घेऊन बाकी दादर, भायखळ्याच्या बाजारातला भाजीपाल्याचा कचरा घातला असता. मात्र तो लवकर आंबतो, तेव्हा सामू (pH, आम्लतेचं माप) 7च्या खाली घसरू देऊ नका. उरलेली स्लरी (पातळ राडा) जड धातू (शिसं, कॅडमियम वगैरे) तपासल्याशिवाय भाजीच्या वाफ्यात नको.