हद्दवाढ की विलीनीकरण?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत नॅशव्हिलला राहते. तेथे शहर आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) यांचा कारभार एकच आहे, असे ती सांगते. शहराच्या हद्दवाढीपेक्षा हे वेगळे कसे?

उत्तर : हद्दवाढीत शहर लगतची वस्ती आपल्या सीमेत घेते, पण काउंटीचे सरकार तसेच राहते, विलीनीकरणात मात्र दोन्ही सरकारे मोडून एकच नवे उभारले जाते. नॅशव्हिलने दोन्ही अनुभवले. १९५८ मध्ये विलीनीकरणाचा प्रस्ताव मतदानात फेटाळला गेल्यावर शहराने, तेथील कायद्यानुसार रहिवाशांचा कौल न घेताच, मोठी हद्दवाढ केली आणि शहरातील रस्ते वापरणाऱ्या उपनगरवासीयांच्या मोटारींवरही १० डॉलरचा कर बसवला. कर भरल्याची खूण म्हणून मोटारीवर हिरवे स्टिकर लावावे लागे, आणि माझ्या मते विलीनीकरणाचा खरा प्रचार त्या स्टिकरनेच केला. हद्दवाढीने धास्तावलेल्या उपनगरांनी १९६२ मध्ये विलीनीकरणाच्या बाजूने कौल दिला आणि १ एप्रिल १९६३ पासून नवे सरकार कामाला लागले.

घरपट्टी मात्र सरसकट सारखी नाही. शाळा आणि पोलीस सर्वांसाठी आहेत; कचरा उचलणे, रस्त्यावरील दिवे यांसारख्या सेवा ज्या क्षेत्रात पुरवल्या जातात, तेथेच जादा दर लागतो. शिवाय बेल मीडसारख्या काही छोट्या नगरांनी आपले वेगळे अस्तित्व राखले आहे, त्यामुळे ‘एकच कारभार’ हे वर्णन थोडे सैल समजावे.